चार वाजून बारा मिनिटं

"ही नोंद तू केलीस असं लिही," ऑरिन म्हणाला.

मी सँडविचचा घास तसाच गालात धरला. बाकावर आमच्या दोघांच्या मध्ये त्याची निळ्या पुठ्ठ्याची वही उघडी होती आणि त्याचं जाडजूड बोट एका ओळीवर टेकलं होतं. समोर चाळीस पावलांवर पाद्री नेहमीसारखा पुटपुटत होता.

"कुठली नोंद?"

"ही. तेवीस सप्टेंबर."

मला चष्मा लावायची गरज नव्हती. बाकावर बसणाऱ्या कुणालाही ती ओळ पाठ आहे. चार वाजून बारा. सुरुवात पाहिली. अंतर सोळा तास चाळीस मिनिटं. पाहणारा, ऑरिन स्टेनरूड. पाद्रीनं इतका वेळ माणसांना कधी बसवलेलं नाही, त्याआधी नाही आणि त्यानंतरच्या अकरा वर्षांतही नाही.

पाद्री म्हणजे आमचा गायझर. उकळत्या पाण्याचं कारंजं, मनात आलं तर शंभर फूट उसळणारं. दिवसातून दोनदा उठतो, पण कधी उठायचं ते त्याचं तो ठरवतो. उठायच्या आधी तासन्‌तास पुटपुटत बसतो म्हणून जुन्या लोकांनी त्याला हे नाव दिलं. त्याच्या उजव्या अंगाला परातीएवढं एक भोक आहे, त्यात पाणी अखंड बुडबुडत असतं. ती पाद्रीणबाई. बाई बोलायच्या थांबल्या की साधारण वीस मिनिटांत पाद्री उठतो. यावर करता येण्यासारखे सगळे विनोद ऑरिनच्या बायकोनं, बर्निसनं, फार पूर्वीच करून ठेवले होते. तिनं जन्मात चार वेळा पाद्री पाहिला आणि चारही वेळा तिचं लक्ष विणकामाच्या सुयांवर होतं.

मी नीव्हा ओक्स. बाकामागच्या लॉजच्या काउंटरवर सव्वीस वर्षं खोल्यांच्या किल्ल्या दिल्या, आणि काउंटर सुटल्यावर या बाकावर येऊन बसले. आम्ही आठ-दहा जण आहोत. कुणी सांगितलेलं नसताना उन्हातान्हात, गारपिटीत बसून राहायचं आणि पाद्री कधी उठला ते वहीत लिहायचं, एवढाच आमचा उद्योग. पेन चालत नाही, वाफेनं शाई पसरते, म्हणून पेन्सिल. तारीख, वेळ, सुरुवात पाहिली की नाही, मागच्या वेळेपासूनचं अंतर, आणि शेवटच्या रकान्यात पाहणाऱ्याचं नाव. नियम एकच. जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं. तुम्ही पोचलात तेव्हा तो उसळतच असेल तर वेळेपुढे "चालू" असं लिहायचं आणि मान खाली घालायची. एकदा एका गृहस्थानं शौचालयात असताना झालेली सुरुवात "पाहिली" म्हणून लिहिली. त्यानंतर बाकावर कुणी त्याला थर्मासमधली कॉफी देऊ केली नाही. पुढे तो ॲरिझोनाला राहायला गेला. गुडघ्यांसाठी, असं तो सांगायचा.

आणि अशा बाकावर ऑरिन स्टेनरूड मला सांगत होता की माझं नाव पुसून तुझं लिही.

"तुला ऊन लागलंय," मी म्हटलं.

"मार्लिस रविवारी येतीये."

मग मी घास गिळला.

ऑरिनचं आयुष्य एका पोस्टकार्डावर मावेल. हिवाळ्यात लिव्हिंगस्टनच्या शाळेचा बॉयलर सांभाळायचा. मे ते सप्टेंबर इथं, प्रवाशांच्या हॉलमधल्या काउंटरमागे. तिथं भिंतीवर लाकडाचं मोठं घड्याळ होतं, त्याचे काटे हातानं फिरवायचे. पाद्री आता अमुक वाजता उठेल, अर्धा तास इकडे किंवा तिकडे, एवढं लोकांना सांगायचं. एकतीस उन्हाळे त्यानं ते काटे फिरवले. कुणी विचारलं की हा उठतो कसा, तर तो कधी कंटाळला नाही. "खाली दगडात एक अरुंद गळा आहे," तो सांगायचा. "त्याच्याखालचं पाणी कधीच उकळीच्या पलीकडे गेलेलं असतं. पण वरच्या पाण्याचं वजन त्याला उकळू देत नाही. तासन्‌तास ते तसंच दबून बसतं. मग वरचं थोडंसं सांडतं, अगदी बादलीभर. तेवढ्यानं वजन हलकं होतं आणि मग खालच्याला कुणी आवरू शकत नाही."

यंदा मे महिन्यात तो आला तेव्हा भिंतीवर घड्याळ नव्हतं. पाद्रीच्या वाहत्या ओघळात एक तार सोडली होती, पाणी गरम झालं की ती कुठंतरी कळवते आणि वेळ लोकांच्या फोनवर येते. ऑरिनला काढलं नाही, उन्हाळाभर ठेवलं. कुणी वेळ विचारली की "फोनमध्ये बघा" असं सांगायचं काम दिलं. पुढच्या वर्षी तेही नसणार होतं. नोकरांच्या ट्रेलरमधली त्याची खोली रविवारपर्यंतच होती. लिव्हिंगस्टनचं घर बर्निसच्या आजारपणातच गेलं होतं.

राहिली मुलगी. मार्लिस बिलिंग्जला कोर्टात साक्षी टाइप करते. माणूस बोलेल ते जसंच्या तसं, खोकलासुद्धा गाळायचा नाही. बापाशी तिचं नातं ख्रिसमसचं कार्ड आणि दोन फोन एवढंच उरलं होतं. पण त्याचे डोळे गेल्या वर्षी अधू व्हायला लागले आणि त्यानं तिला विचारलं, माझ्या वह्या टाइप करून देशील का. ती हो म्हणाली. पहिल्या एकोणीस वह्या तिनं हिवाळ्यात केल्या. त्या निमित्तानं फोन वाढले. ही खूण कसली, हा शब्द काय, असं विचारता विचारता एक दिवस तीच म्हणाली की बाबा, तळघरातली खोली रंगवून घेतलीये, सीझन संपला की इकडेच या. ऑरिननं ते मला तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा रंग कुठला ते सांगितलं. फिकट हिरवा.

विसावी वही त्यानं अजून पाठवली नव्हती. ती आमच्या मध्ये पडली होती.

"तिला काय सांगितलं होतंस तू?" मी विचारलं. मला माहीत होतं. तरी विचारलं.

"बायसन."

आमच्या भागात उशिराला हे एकच कारण आहे, ज्यावर कुणी उलटा प्रश्न विचारत नाही. गव्यांसारखे धिप्पाड दोनशे बायसन रस्त्यावर आडवे झाले की राष्ट्राध्यक्षही गाडीत बसून राहील.

त्या तेवीस सप्टेंबरला फोन माझ्याच काउंटरवर आला होता. दोनला दहा कमी होते. मार्लिस बोलत होती, लिव्हिंगस्टनच्या हॉस्पिटलमधून. "बाबांना सांगा, आत्ता निघा. डॉक्टर म्हणतात आईचा आजचा दिवस नाही निघायचा." मी काउंटर सोडून बाकापर्यंत गेले. दोन वाजले होते. ऑरिन पहाटे पाचपासून तिथं बसला होता. एरवी अकरा तासांनी उठणाऱ्या पाद्रीला चौदा तास उलटून गेले होते. मी निरोप सांगितला. तो उभा राहिला. टोपी घातली. आणि म्हणाला, "बाई गप्प झाल्यात, नीव्हा. पंधरा मिनिटं झाली. पाचच मिनिटांचा प्रश्न आहे, लगेच निघतो."

मी परत आले. पाच मिनिटांनी बाई पुन्हा बोलायला लागल्या. अडीचला पुन्हा गप्प झाल्या. तेव्हा पुन्हा वीस मिनिटं. मग पुन्हा बोलल्या. हे बाकावर न बसलेल्या माणसाला समजावून सांगता येत नाही. तुम्ही नऊ तास दिलेले असतात आणि तो फक्त आणखी वीस मिनिटं मागत असतो. असं तो सहा वेळा मागतो.

तीन वाजता काउंटरच्या खिडकीतून मला त्याची टोपी दिसली. अजून बाकावर. त्याच वेळी सहलीची एक बस आली होती आणि एक्केचाळीस माणसं किल्ल्या मागत होती. मी किल्ल्या दिल्या.

चार बाराला पाद्री उठला. ऑरिननं वेळ लिहिली, नाव लिहिलं आणि मग गाडीत बसला. लिव्हिंगस्टन सव्वादोन तासांवर आहे. बर्निस चार एकतीसला गेली. दोनला निघाला असता तर सव्वाचारला पोचला असता. सोळा मिनिटं मिळाली असती. हा हिशोब मी त्या दिवसापासून इतक्या वेळा केलाय की आता आकडे मांडावे लागत नाहीत.

दफनाच्या दिवशी मार्लिसनं माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, "तुम्ही निरोप दिलात, थँक यू." मी म्हटलं, "त्या दिवशी बायसननं अगदी कहर केला होता बाई. लॉजवरचे पाहुणेसुद्धा तक्रार करत होते." कुणी विचारलं नव्हतं मला.

तर अशी ती ओळ.

"माझी एवढीच तर अब्रू आहे," मी ऑरिनला म्हटलं. "नवरा टिकला नाही, केक मला जमत नाही. वहीत खोटं लिहीत नाही एवढंच लोक माझ्याबद्दल बरं बोलतात. नेमकं तेच मागतोयस."

"माहितीये."

"आण पेन्सिल."

त्यानं त्याचं नाव खोडलं, फुंकर मारून रबराचे कण उडवले आणि वही माझ्यासमोर धरली. मी माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. दुसरं काढणार, तेवढ्यात त्याचा हात आडवा आला.

"नको."

"आता काय झालं?"

"तू पाहिलं नव्हतंस."

"ते आपल्या दोघांनाच माहितीये."

"तू काउंटरवर होतीस, नीव्हा." मी त्याला फसवायला निघाले होते अशा चेहऱ्यानं तो माझ्याकडे बघत होता. "सोळा तास चाळीस मिनिटं. असा दिवस एकदाच झालाय. त्याच्यापुढे न पाहिलेल्या माणसाचं नाव?"

त्यानं माझं अक्षर खोडलं आणि त्या काळपट डागावर आपलं नाव पुन्हा लिहिलं. पहिल्यापेक्षा ठळक. जिनं त्याच्या वाटेकडे डोळे लावले होते तिला सोडून तो बसून राहू शकला होता, पोरीला अकरा वर्षं बायसन सांगू शकला होता. वहीला मात्र त्याच्यानं खोटं सांगवेना. मी सँडविचचा उरलेला तुकडा कावळ्याला टाकला.

रविवारी मार्लिस एकच्या सुमाराला आली. पन्नाशीची, बापासारखीच रुंद खांद्यांची, राखाडी केस आखूड कापलेले. लाकडी पायवाटेवर रात्रीचं दव गोठलेलं अजून सावलीत टिकून होतं, म्हणून जपून पावलं टाकत. ऑरिनची चार खोकी तिनं आधीच गाडीत ठेवली होती. बापासाठी एक नवं जाकीट आणलं होतं, लेबल अजून लोंबत होतं.

"घाला. बिलिंग्जला वारा असतो," ती म्हणाली. "आणि खोलीला खिडकी आहे हं, बाबा. लहान आहे, पण पूर्वेची आहे."

"हिरवा रंग दिलाय," ऑरिननं मला चौथ्यांदा सांगितलं.

ती आमच्या मध्ये बसली. बाकावर त्या दिवशी आणखी तिघं होते, सीझनचा शेवट म्हणून आलेले. मार्लिसनं थर्मासमधली माझी कॉफी घेतली, एक घोट पिऊन माझ्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"एकोणीस वह्या टाइप केल्या मी," ती म्हणाली. "वारा, पाऊस, अस्वल, सगळं आहे त्यात. माझं नाव कितीदा असेल सांगा?"

"असेल की," ऑरिन म्हणाला.

"एकदा. 'मार्लिसचा वाढदिवस, लवकर जावं लागलं, चुकला.'" ती हसली. "चुकला म्हणजे पाद्री. वाढदिवस नाही."

ऑरिनही हसला. मी त्याला असं हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं. मला वाटलं, ही आता वही गाडीत घालेल, घरी नेईल, कामाच्या रगाड्यात ती ओळही इतर ओळींसारखी बोटांखालून निघून जाईल. माणूस स्वतःला काहीही वाटवून घेऊ शकतो.

"विसावी कुठाय?" तिनं विचारलं.

"गाडीत वाच. रस्ता लांब आहे."

"गाडी मी चालवणार आहे, बाबा."

त्यानं पिशवीतून वही काढली. क्षणभर हातात धरली आणि दिली. तिनं पानं उलटली. मे, जून, जुलै. मग एकदम बरीच पानं एका हातानं उलटली. तिला तारीख शोधावी लागली नाही. कोर्टात साक्षीचा कागद तपासतात तसं तिचं बोट रकान्यातून खाली सरकलं आणि थांबलं.

तेवढ्यात पलीकडच्या टोकावरून कुणीतरी ओरडलं, "बाई गप्प!"

तशी आरोळी द्यायची आमच्याकडे रीत आहे. सगळ्यांनी घड्याळं पाहिली. वहीत लिहिलं. बाकावर ती चुळबुळ झाली, जी प्रत्येक वेळी होते. फक्त मार्लिस हलली नाही.

"निरोप किती वाजता पोचला होता?" तिनं विचारलं. बापाला नाही, मला.

"दोन वाजता," मी म्हटलं.

"दोन." तिनं शब्द टाइप करावा तसा उच्चारला. "आणि बायसन?"

ऑरिन पाद्रीकडे बघत होता.

"बायसन नव्हते," मी म्हटलं. "थोडे त्याचे होते, थोडे माझे."

"हे खोडलेलं काय आहे?"

"ते माझं अक्षर. परवाचं."

तिनं मान हलवली. रडली नाही, आवाज चढवला नाही. वही मांडीवर तशीच उघडी होती.

"अकरा वर्षं मी त्या जनावरांना शिव्या घातल्या," ती म्हणाली. "बाबा, तुम्हाला एक सांगू? आई दर पाच मिनिटांनी विचारत होती, कुठवर आले असतील. मी सांगत होते. म्हटलं, मॅमथ आलं असेल. थोड्या वेळानं म्हटलं, गार्डिनर सोडलं. मग यांकी जिमची खिंड. ती म्हणाली, खिंडीत ते सावकाश चालवतात. मी म्हटलं, हो, सावकाशच चालवताहेत. मग एमिग्रंट. एमिग्रंटला तुम्हाला पेट्रोलसाठी थांबवलं मी. पाइन क्रीकपर्यंत आणलं तुम्हाला. ती डोळे मिटून रस्ता बघत होती."

"मार्लिस," ऑरिन म्हणाला.

"थांबा. पाइन क्रीकच्या पुढे सांगायला काही उरलं नाही. माझ्या हिशोबानं तुम्ही पोचायला हवे होतात. म्हणून मी खाली गेले, पार्किंगमध्ये. तुमची गाडी दिसेल म्हणून दहा मिनिटं रस्त्याच्या कडेला उभी राहिले. वर आले तेव्हा नर्स घड्याळ बघून वेळ लिहीत होती."

तिनं वही मिटली.

हे आम्हाला माहीत नव्हतं. अकरा वर्षं आम्ही दोघं सोळा मिनिटांचा हिशोब करत होतो, त्यात ती शेवटची दहा मिनिटं धरलेली नव्हती. बर्निसजवळ निदान पोरगी होती, एवढं आम्ही आमच्या बाजूला मांडून ठेवलं होतं.

"किती वेळ आहे आता?" मार्लिसनं पाद्रीकडे हनुवटी करून विचारलं.

"बारा मिनिटं," ऑरिन म्हणाला. विचार न करता. मग त्याला कळलं की आपण उत्तर दिलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"मी निघाले." ती उभी राहिली. वही काखेत मारली. "खोली आहे. मी दिलेला शब्द मागे घेत नाही. पण यायचं तर आत्ता."

पाद्रीच्या तोंडाशी पाणी काठोकाठ आलं होतं. पहिला ओघळ दगडावरून सांडला, बादलीभर. ऑरिनचा हा शेवटचा पाद्री होता. एकतीस उन्हाळ्यांतला शेवटचा, आणि बारा मिनिटंसुद्धा आता राहिली नव्हती.

तो उठला. खरं सांगायचं तर लगेच उठला. टोपी घातली, जाकिटाचं लेबल तोडून खिशात टाकलं आणि मला म्हणाला, "तू बघशील ना?"

"बघते," मी म्हटलं. "जा तू."

ते दोघं पायवाटेनं निघाले. फळ्या निसरड्या होत्या म्हणून मार्लिसनं त्याचं कोपर धरलं. मला ते बरं वाटलं. तो पाठमोरा, पायांकडे बघत, एकदाही मान न वळवता चालत होता. मी मनात पावलं मोजत होते. तीस. चाळीस. अजून एक वळण गेलं की झाडं येतात आणि मग पाद्री तिथून दिसतही नाही.

मग बाकाखाली तो धक्का आला. पाद्री उठायच्या आधी जमीन आतून एकदा ठोकते, तळघरात कुणी जड पेटी ठेवावी तशी. कानाच्या आधी फळ्यांतून पायांना कळतं. ऑरिनच्या पायांनाही कळलंच. तो थांबला नाही, वळला नाही. पण चालता चालता त्याचा डावा हात छातीशी आला, जाकिटाची नवी कडक बाही मागे सरली आणि त्यानं घड्याळ पाहिलं.

मार्लिस त्याच्याकडेच बघत होती.

ती काही बोलली असेल तर मला ऐकू आलं नाही. तिनं फक्त त्याचं कोपर सोडलं. मग ती पुढे आणि तो तिच्यामागे, हात थोडे पसरून तोल सांभाळत, असे ते झाडांत गेले.

माझ्या मागे बाकावर लोक ओरडायला लागले होते. मी वळले तेव्हा पाद्री शंभर फूट उभा होता. पांढराशुभ्र, वरच्या टोकाला वाऱ्यानं वाकलेला, आणि गरम पावसासारखे थेंब पायवाटेवर तडतडत होते. खालच्या पाण्याला आता कुणी आवरत नव्हतं. चार मिनिटं तो तसाच होता. मी घड्याळ पाहिलं, पेन्सिल काढली आणि वेळेपुढे लिहिलं, "चालू."

फेब्रुवारीत बिलिंग्जहून जाड पाकीट आलं. आत एकतीस वह्यांची टाइप केलेली पानं, सोबत पत्र वगैरे काही नाही. फक्त एक चिठ्ठी, की बाबांनी तपासलीत, तुम्हीही एकदा मूळ नोंदींशी ताडून पाहा आणि मग गायझरच्या नोंदी जपणाऱ्या ऑफिसला पाठवा. बाबा कसे आहेत ते लिहिलेलं नव्हतं. नोव्हेंबरात मी फोन केला होता तेव्हा तो म्हणाला होता, खोली ऊबदार आहे. रंगाबद्दल काही बोलला नव्हता.

मी आठ दिवस घेतले. बाहेर चार फूट बर्फ होतं आणि दुसरं काम नव्हतं. मार्लिसचं टाइपिंग चोख. अस्वल होतं तिथं अस्वल, खाडाखोड होती तिथं तसा उल्लेख. विसाव्या वहीत खोडलेल्या अक्षराचाही उल्लेख होता, कुणाचं ते कंसात माझ्या पूर्ण नावानिशी. प्रत्येक ओळीशेजारी ऑरिनची पेन्सिलची खूण होती, तपासल्याची. एकही ओळ त्यानं सोडली नव्हती.

तेवीस सप्टेंबर. चार वाजून बारा. सुरुवात पाहिली. अंतर सोळा तास चाळीस मिनिटं. ऑरिन स्टेनरूड.

त्याच्याखाली एक ओळ जास्तीची होती. मूळ वहीत नसलेली. तारीख तीच. वेळ चार एकतीस. अंतर, शून्य तास एकोणीस मिनिटं. पाहणाऱ्याचा रकाना कोरा होता.

त्या ओळीशेजारीही त्याची खूण होती. इतर सगळ्या खुणांसारखीच, लहान.